'द पोलिस'चा पुनर्मीलन दौरा (२००७-०८): समीक्षकांनी नेमकं काय ऐकलं?

बाटलीतला निरोप

काल रात्री झोप येईना म्हणून 'सर्टिफायेबल' लावून बसलो, पोलिसच्या त्या दौऱ्याचं मैफिलीचं मुद्रण. डिसेंबर २००७ मधला ब्युनोस आयर्सचा कार्यक्रम. रिव्हर प्लेटचं मैदान, मंचावर तिघंच जण आणि समोर नजर पोचेल तिथवर माणसं. संपलं तेव्हा घड्याळ बघून दचकलो. मग हुक्की आली आणि त्या दौऱ्यावर तेव्हा छापून आलेली परीक्षणं शोधून पुन्हा वाचली. वाचताना सारखं वाटत होतं की ही मंडळी भलत्याच बँडला ऐकून आली होती.

नव्या लोकांसाठी थोडक्यात. 'द पोलिस' म्हणजे लंडनचा तिघांचा रॉक बँड: स्टिंग गाणार आणि बास वाजवणार, स्टुअर्ट कोपलंड ड्रमवर, अँडी समर्स गिटारवर. मार्च १९८४ मध्ये मेलबर्नला पोलिसचा शेवटचा दौरा संपला. १९८६ मध्ये अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेसाठी थोडे कार्यक्रम केले आणि त्याच वर्षी स्टुडिओत परत जाऊन बघितलं. तेवढ्यात स्टुअर्ट कोपलंड घोड्यावरून पडला, कॉलरबोन मोडलं आणि त्यातून बाहेर आली ती एका जुन्याच गाण्याची नवी आवृत्ती. २००३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात तिघं एकत्र वाजले. ११ फेब्रुवारी २००७ ला ग्रॅमीच्या सोहळ्याची सुरुवात 'रॉक्झॅन'ने केली आणि २८ मे २००७ ला व्हँकूव्हरहून दौरा निघाला. तो संपला ७ ऑगस्ट २००८ ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. दीडशेच्या आसपास कार्यक्रम झाले, ३५ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला.

परीक्षणं सरसकट वाईट होती असं नाही. कौतुकही भरपूर झालं. पण तक्रारी फिरून फिरून त्याच होत्या: लय संथ झाली आहे, तीन मिनिटांची गाणी ताणली आहेत, नवीन एकही गाणं नाही, तिघांत जवळीक दिसत नाही. माझा आक्षेप असा की यातलं बरंचसं पहिल्या आठ-पंधरा दिवसांच्या कार्यक्रमांवर लिहिलं गेलं आणि तेच चौदा-पंधरा महिन्यांच्या दौऱ्याला कायमचं चिकटलं. डिसेंबरातला बँड मे महिन्यातला नव्हता. एकच उदाहरण देतो. सुरुवातीला 'ट्रुथ हिट्स एव्हरीबडी' ते अगदी ठाय लयीत वाजवत. ज्याने १९७८ ची मूळ तबकडी ऐकली आहे त्याला तो धक्काच होता. ब्युनोस आयर्सच्या ध्वनिमुद्रणात ते गाणं नाही, त्या जागी 'होल इन माय लाइफ' आहे आणि ते कसलं झुलतं! म्हणजे बँड ऐकत होता, बदलत होता. समीक्षक मात्र एकदा लिहून घरी गेले.

मंडळींना काय वाटतं?

उलटा ठोका

नाही पटलं.

मी स्वतः ड्रम वाजवतो (हौशी, शेजाऱ्यांच्या दयेवर). लयीबद्दल समीक्षक शंभर टक्के बरोबर होते. कारण मात्र चुकीचं दिलं, एवढंच. बहुतेकांनी 'वय झालं' म्हणून सोडून दिलं. वय झालं होतंच. तेव्हा अँडी समर्स ६४ वर्षांचा होता, बाकीचे दोघे पंचावन्नच्या आगेमागे. पण ज्याच्या हातापायांवर लय अवलंबून, त्या स्टुअर्टला ऐका. शेवटचं 'नेक्स्ट टू यू' तो तसंच धावतं वाजवतो. हात थकले असते तर दोन तासांनंतरचं शेवटचं गाणं आधी बसलं असतं.

संथपणा ठरवून आणलेला होता आणि तो स्टिंगच्या बाजूने आलेला होता. जुन्या पोलिसची सगळी गंमत एका भांडणात होती. स्टुअर्ट ठेक्याच्या केसभर पुढे पळतो. हायहॅटवर (ड्रमशेजारची पायाने मिटायची झांजांची जोडी) त्याचं जे बारीक विणकाम चालतं ते गाण्याला सतत ढकलत असतं. स्टिंग बासवर त्याला मागे खेचतो, जागा मोकळ्या सोडतो. गाणं या दोघांच्या मध्ये ताणलेल्या दोरीसारखं उभं राहतं. १९८४ नंतर स्टिंगने वीस-बावीस वर्षं सांगितलं तसं वाजवणाऱ्या उत्तमोत्तम वादकांबरोबर काढली. दौऱ्याच्या आदल्या वर्षी तर तो ल्यूट हे जुनं तंतुवाद्य घेऊन डाउलंड या संगीतकाराची चारशे वर्षांपूर्वीची गाणी ध्वनिमुद्रित करत होता! स्टुअर्ट तेवढा काळ चित्रपटांचं पार्श्वसंगीत लिहीत होता, म्हणजे तोही दुसऱ्यांना सांगणाराच. दोन सांगणारे एका मंचावर आले. लय खाली आली याचा अर्थ दोरीचं एक टोक जिंकलं.

एखाद्या समीक्षकाने हे लिहिलं असतं तर मी कात्रण जपून ठेवलं असतं.

सुमार सतारिया

ठोकेसाहेब, दंडवत. पण 'केसभर पुढे' म्हणजे काय ते आमच्यासारख्या अडाण्यांना जरा विस्कटून सांगा की.

उलटा ठोका

सांगतो. 'वॉकिंग ऑन द मून' लावा. रेगेमध्ये पहिली मात्रा रिकामी सोडायची आणि तिसरीवर बास ड्रम टाकायचा अशी एक चाल आहे, तिला वन ड्रॉप म्हणतात. आपल्याकडे समेवर टाळी पडते, यांच्याकडे समेवर हवा. ती हवा नीट सांभाळणं फार अवघड. सवयीने पाय पहिल्या मात्रेवर पडतोच. स्टुअर्ट ती रिकामी ठेवतो आणि वर बंद हायहॅटवर असं काही पेरत जातो की रिकामी जागा भरल्यासारखी वाटते, तरी भरत नाही. त्याचा स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) उंच सुरात ताणलेला असतो, चाबूक ओढल्यासारखा वाजतो. काठी धरायची पद्धतही जुनी, डाव्या हाताची उताणी पकड.

आता त्याच गाण्याची चाल थोडी उतरवा. त्या पेरणीतले दाणे लांब लांब पडायला लागतात. कानाला ते 'संथ' नाही, 'सैल' वाटतं. समीक्षकांनी 'संथ' लिहिलं, त्यांना म्हणायचं होतं 'सैल'.

नीलांबरी

मी जुलै २००७ मध्ये फेनवे पार्कला होते. बॉस्टनचं बेसबॉलचं मैदान, उघड्यावर, संध्याकाळ नुकती उतरत होती. तेव्हा मला ना वन ड्रॉप माहीत होता ना स्नेअर. दादाच्या कॅसेटी ऐकून ऐकून गाणी पाठ होती, तेवढ्यावर गेले.

मला आठवतं ते 'रॅप्ड अराउंड युअर फिंगर'. स्टुअर्ट ड्रम सोडून मागच्या दुसऱ्याच मांडवात उभा. गाँग, घंटा, छोट्या पितळी चकत्या, काय काय टांगलेलं. डोक्याला पट्टी, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. एखादा सोनार कामाला बसावा तसा तो त्या चकत्यांवर हळूच काठी टेकवत होता. एक टेकवली की लगेच दुसरीकडे वळायचं, तिसरीकडे हात लांबवायचा, मध्येच मागे वळून मोठ्या गाँगला नुसतं गोंजारायचं. पडद्यावर त्याचा चेहरा दिसत होता, ओठ हलत होते. मोजत होता बहुतेक. आणि मग गाण्याच्या मध्यात तो तिथून उतरून धावत ड्रमवर येऊन बसला आणि पहिला ठोका असा पडला की माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझ्याकडे बघून हसला.

यावर कोणी लिहिलं? मी नंतर वाचलेल्या परीक्षणांत स्टिंगच्या दंडांवर परिच्छेद होते. पंचावन्नाव्या वर्षी तो किती तंदुरुस्त दिसतो, योगासनं करतो वगैरे. अँडीवर एखादं वाक्य, तेही वयाबद्दल. ज्या माणसाने 'एव्हरी ब्रेथ यू टेक'चा तो बोटं ताणायला लावणारा गिटारचा तुकडा रचला त्याच्याबद्दल एक वाक्य!

त्यामुळे निरोपकाकांशी मी निम्मी सहमत. समीक्षक चुकीच्या दिवशी आले म्हणून चुकले नाहीत, चुकीच्या माणसाकडे बघत बसले म्हणून चुकले.

खडूस वाचक

सगळे मुद्दे छान. पण खोलीतल्या हत्तीला कोणी हात लावेना. सॉरी, आपल्या भाषेत बोलायचं तर कोंबडं झाकून ठेवलंय सगळ्यांनी. दौरा पैशांसाठी होता. नवी तबकडी नाही, नवं गाणं नाही, मैदानं भरायची आणि तीच अठरा-एकोणीस गाणी वाजवायची. समीक्षकाने हे लिहायचं नाही तर काय पंचारती ओवाळायची?

सेक्स पिस्टल्सने १९९६ मध्ये एकत्र येताना दौऱ्याचं नावच 'फिल्दी ल्यूकर' ठेवलं होतं. घाणेरडा पैसा! सरळ तोंडावर सांगितलं. मला तो प्रामाणिकपणा जास्त आवडला.

बाटलीतला निरोप

@खडूस वाचक: पैशांसाठी होता की नव्हता यावर मी वाद घालत नाही, असणारच. पण ते परीक्षण नव्हे, हिशेब झाला. त्या रात्री 'ड्रिव्हन टू टिअर्स'मध्ये अँडीने काय वाजवलं याचं उत्तर गल्ल्यात मिळत नाही. पैशांसाठी उत्तम वाजवणारे आणि कलेसाठी भिकार वाजवणारे दोन्ही पाहिले आहेत आपण.

आणि तिघंच वाजवत होते हे विसरू नका. पडद्यामागे कीबोर्डवाला नाही, चौथा माणूस नाही. १९८३ च्या 'सिंक्रॉनिसिटी' दौऱ्यात मागे गाणाऱ्या तीन बायका होत्या, २००७ मध्ये त्याही नव्हत्या. ज्याला नुसते पैसे काढायचे असतात तो आधी सहा भाड्याचे वादक घेतो, म्हणजे चूक झाली तर झाकली जाते. इथे एकाचं बोट घसरलं की मैदानभर ऐकू जात होतं.

खडूस वाचक

किंवा भाडी वाचवली. 😀

पत्र्याचा डबा

बोटं घसरण्यावरून आठवलं. या दौऱ्यावरचं सगळ्यात कडक परीक्षण कोणी लिहिलं हे अजून कोणी बोललंच नाही? खुद्द स्टुअर्ट कोपलंडने!

व्हँकूव्हरच्या दुसऱ्या कार्यक्रमानंतर त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलं होतं. आठवतं तसं सांगतो. सुरुवातीचा गाँग वाजवून 'मेसेज इन अ बॉटल'मध्ये शिरताना त्याने अँडीची सुरावट चुकीची पकडली. तो आणि अँडी अर्धा ठेका मागेपुढे. पुढच्या एका गाण्यात पहिलं कडवं संपलं म्हणून स्टुअर्ट धृपदात उडी मारतो, तर स्टिंग अजून कडव्यातच. इतका गोंधळ की स्टिंगला पुन्हा आकडे मोजून गाणं सुरू करावं लागलं. एवढे थोर पोलिस आम्ही आणि भर समुद्रात भरकटलोय, हे लाजिरवाणं आहे, अशा अर्थाचं तो लिहितो.

पुढे तर कहर आहे. त्याच दुपारी सरावात त्यांनी 'एव्हरी लिटल थिंग' आणि 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' या दोन गाण्यांची पट्टी बदलली होती. रात्री वीस हजार लोकांसमोर अँडी आणि स्टिंग एकाच गाण्यात वेगवेगळ्या गावी पोचले. स्टुअर्टने 'वॉकिंग इन युअर फुटस्टेप्स'साठी नवा ठेका बसवला होता, तोही भलत्याच जागी वाजवला. आणि स्टिंगची ती प्रसिद्ध उडी! शेवटच्या ठोक्याला हवेत झेप घ्यायची, तर पायच जरा चुकला आणि उडी नीट उठलीच नाही. रॉकचा देव क्षणभर रुसलेल्या पोरासारखा दिसला असं त्याने लिहिलं. (मूळ शब्द याहून झोंबरे आहेत, इथे नको.)

दुसऱ्या दिवशी जगभर मथळे: ड्रमरने स्वतःच्याच बँडचे वाभाडे काढले, बँड पुन्हा फुटणार.

नीलांबरी

हो! तेव्हा ते वाचून मी तिकीट विकायच्या विचारात होते.

पत्र्याचा डबा

आणि मथळे लिहिणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद वाचला नाही. मुख्य कार्यक्रम संपवून, पुन्हा वर जायच्या आधी तिघं मंचाच्या खाली भेटले आणि एकमेकांच्या गळ्यात पडून हसत सुटले, असं त्याच लिखाणात आहे. वर लोकांचा इतका गलका चाललेला की एकमेकांचं बोलणंही ऐकू येईना. मान हलवत पुन्हा जिना चढून वर गेले.

म्हणजे बघा, 'तिघांत जवळीक दिसत नाही' असं लिहिणारे सगळे मंचासमोर बसले होते. जवळीक मंचाखाली होती.

उलटा ठोका

डब्या, हे भारी आणलंस. आणि यात एक गोष्ट बघ. स्टुअर्टच्या परीक्षणात 'जादू', 'रसायन', 'जुन्या आठवणी' यातलं काही नाही. कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी, कशामुळे सुटलं ते आहे. दुपारी पट्टी बदलली म्हणून रात्री घोटाळा झाला. कडवं कुठे संपतं यावर दोघांचं एकमत नव्हतं. कोणीही वादक हे वाचून मान डोलवेल, कारण प्रत्येकाची अशी एक रात्र असते. आमच्या कॉलेजच्या बँडची तर प्रत्येकच होती.

पट्टी का बदलली तेही उघड आहे. स्टिंगचा १९७९ मधला आवाज म्हणजे शिट्टी होती. 'सर्टिफायेबल'मध्ये नीट ऐका, वरच्या जागांना तो किती सफाईने वळसा घालतो. चाल थोडी वाकवतो आणि लोकांना वाटतं मुद्दाम हरकत घेतली. मला हे कमीपणाचं वाटत नाही. आपला एखादा बुजुर्ग गवई अर्धी पट्टी उतरवून बसला तर आपण तक्रार करतो का? पण मग कोणीतरी लिहायला हवं होतं की पट्टी उतरवली की अँडीच्या अडचणी वाढतात. त्याचे निम्मे तुकडे मोकळ्या तारांच्या आणि ठरलेल्या बोटांच्या जागांवर बेतलेले. सूर हलला की बोटांचं सगळं घरच हलवावं लागतं.

सुमार सतारिया

वाचनखूण साठवली.

जुनी कॅसेट

अवांतर आहे, पण इथेच सांगतो. हा बँड मार्च १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेला आहे. कुलाब्याचं होमी भाभा सभागृह, टाइम अँड टॅलेंट्स क्लबने बोलावलं होतं. माझे थोरले काका त्या रात्री तिथे होते. त्यांना पोलिस कोण हेच ठाऊक नव्हतं, ऑफिसातल्या कोणाकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेले.

काका सांगायचे, सभागृह म्हणजे भाषणं-व्याख्यानांचं, खुर्च्या मांडलेलं. तीन पिवळ्या केसांची पोरं आली आणि पहिल्याच गाण्याला आवाज छातीत बसला. काय वाजवलं ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. पण एक गोष्ट ते दरवेळी सांगत: "तिघं एकमेकांकडे बघत नव्हते रे, तरी एकदम थांबायचे."

आता तुमचं सगळं वाचून वाटलं, तीस ओळींच्या परीक्षणात हे एक वाक्य जास्त कामाचं आहे. २००८ च्या सुरुवातीला दौरा सिंगापूरपर्यंत आला, इकडे काही फिरकला नाही. काका तोवर नव्हतेही.

बाटलीतला निरोप

जुनी कॅसेट, हे अवांतर अजिबात नाही. "एकमेकांकडे बघत नव्हते तरी एकदम थांबायचे" आणि २००७ मध्ये स्टिंग कडव्यात आणि स्टुअर्ट धृपदात. धागा इथेच संपायला हरकत नाही.

(पण संपवू नका.)

काठावरचा

संपवतोय कोण! मला एक तुलना मांडायची आहे. त्याच महिन्यात, १० डिसेंबर २००७ ला, लंडनच्या ओटू अरीनात लेड झेपलिन एक रात्र वाजले. ड्रमवर त्यांच्या दिवंगत ड्रमर जॉन बॉनमचा मुलगा जेसन. परीक्षणं कशी आली? नुसता गुलाल. तिथेही काही गाणी खालच्या सुरात घेतली होती, तिथेही नवं काही नव्हतं. मग पोलिसच्या वाट्याला नाक मुरडणं का आलं?

माझ्या मते कारण साधं आहे. झेपलिनने एकच रात्र दिली. ती हुकली की संपलं, त्यामुळे जो आत होता तो नशीबवान आणि नशीबवान माणूस तक्रार करत नाही, समीक्षक असला तरी. पोलिस दीडशे रात्री वाजले. दीडशेतल्या कुठल्याही रात्रीला नावं ठेवायला काही लागत नाही.

उलट बाजू स्टोन रोझेसची. जून २०१२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला ड्रमर रेनी निघून गेला, पुन्हा वर आलाच नाही आणि गायक इयान ब्राउनने मंचावरूनच त्याच्यावर तोंडसुख घेतलं. सगळे म्हणाले संपलं. महिनाअखेरीस मँचेस्टरच्या हीटन पार्कात तीन रात्री वाजले आणि तेच सगळे गळ्यात गळे घालून रडत होते. परीक्षणं बँडची असतात की त्या आठवड्याच्या हवेची?

खडूस वाचक

ओएसिसचं घ्या ना मग. ऑगस्ट २००९ मध्ये फुटले, ४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये परत उभे राहिले. २०२४ मध्ये तिकिटांचे भाव मागणीप्रमाणे डोळ्यांदेखत चढले म्हणून केवढा गदारोळ झाला होता. दौरा सुरू झाल्यावर रोज जवळपास तीच यादी, त्याच क्रमाने. लय? जशीच्या तशी. तरी परीक्षणं बघा, सगळे भारावलेले.

माझा तर्क: पोलिसने गाणी बदलली म्हणून मार खाल्ला. ओएसिसने एक मात्रा हलवली नाही म्हणून हार मिळाले. समीक्षक वर्षभर 'कलाकाराने स्वतःला नव्याने शोधावं' असं लिहितात आणि आवडत्या बँडने खरंच शोधलं की म्हणतात, 'आमचं जुनं गाणं कुठाय?'

(हो, मी बाजू बदलतोय. धाग्यावर चालतं.)

नीलांबरी

खडूसभाऊ सुधारले! तारीख लिहून ठेवा.

पण पूर्ण नाही पटलं. 'डोन्ट स्टँड सो क्लोज'ची चाल त्यांनी बदलली ती मला मैदानातही आवडली नव्हती. मी समीक्षक नाही, तिकीट काढून गेलेली. आजूबाजूचे लोक गायला तोंड उघडायचे आणि गाणं अजून तिथवर आलेलंच नसायचं. हजारो लोक एकदम अर्धं अक्षर बोलून गप्प होतात तो आवाज कसा असतो माहितीये? जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा, तसा. बदल केला म्हणून कौतुक का करायचं? चांगला केला तर करू.

उलटा ठोका

नीलांबरी, ही उपमा मी चोरणार आहे.

आणि तुमचं बरोबर आहे. माझ्या मते त्या दौऱ्यात 'होल इन माय लाइफ' आणि 'रॅप्ड'ला बदल मानवला, 'डोन्ट स्टँड'ला आणि 'ट्रुथ हिट्स'ला नाही. 'रॉक्झॅन' मधोमध ताणली ती माझ्या एका मित्राला असह्य होते, मला आवडते. असं गाण्यागणिक बोललं तर काही हाती लागतं. 'बँड परत आला, पण...' अशी सुरुवात करून बँडला पास-नापास करणारं लिखाण म्हणजे प्रगतिपुस्तक.

जुनी कॅसेट

'रॉक्झॅन'वरून. १९७८ च्या मूळ ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला पियानोचा एक बेसूर ठोका आणि हसू ऐकू येतं ना? स्टिंग झाकण बंद आहे असं समजून पियानोवर बसला आणि पट्ट्यांवरच बसला. ते त्यांनी तसंच ठेवलं. चूक लपवायची नाही ही या बँडची जुनीच खोड. स्टुअर्टने ब्लॉगवर लिहिलं तेव्हा मला तरी नवल वाटलं नाही.

काठावरचा

शेवटच्या रात्रीबद्दल कोणी बोललं नाही. मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्यांनी क्रीमचं 'सनशाइन ऑफ युअर लव्ह' आणि हेंड्रिक्सचं 'पर्पल हेझ' घेतलं. म्हणजे तिघांच्या बँडने आधीच्या दोन तिघांच्या बँडना सलाम केला. त्याच रात्री स्टिंगने दाढी उतरवून घेतली. दौरा संपला, दाढी गेली. तीर्थयात्रेहून परतल्यासारखं.

खडूस वाचक

आणि २०२५ मध्ये अँडी आणि स्टुअर्ट लंडनच्या हायकोर्टात, समोर स्टिंग. रॉयल्टीचा दावा. यात्रा कसली, वाटणीच राहिली होती.

बाटलीतला निरोप

नीलांबरींनी वर 'एव्हरी ब्रेथ'च्या गिटारबद्दल लिहिलं, त्याच्याशी याचा संबंध लागतोच. गाण्यावर नाव एकट्या स्टिंगचं आणि जगाला आठवतो तो अँडीचा तुकडा. पण कोर्टाचं कोर्टात, त्यासाठी कोणी वेगळा धागा काढा.

मी माझ्या पहिल्या प्रतिसादातलं थोडं मागे घेतो. 'पहिल्या आठवड्यात लिहिलं म्हणून चुकलं' असं म्हणालो होतो. पण सगळ्यात चांगलं परीक्षण पहिल्याच आठवड्यात लिहिलं गेलं, दुसऱ्याच कार्यक्रमानंतर, ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाने. तेव्हा तारखेचा दोष नाही, डब्याने माझा मुद्दा पंक्चर केला.

आज रात्री 'सर्टिफायेबल' पुन्हा लावणार आहे. यावेळी फक्त हायहॅट ऐकायचा.

सुमार सतारिया

एक बाळबोध शंका. त्या रात्री एका गाण्यात स्टुअर्ट धृपदात आणि स्टिंग कडव्यात. मग चूक नेमकी कोणाची होती?

पत्र्याचा डबा

स्टुअर्टने लिहिलंय की उद्या टेप ऐकल्याशिवाय ते कळणार नाही.

उलटा ठोका

स्टिंगची.

नीलांबरी

ड्रमवाल्याला विचारलं की हेच उत्तर येणार.

खडूस वाचक

अँडीची. त्याच्याबद्दल तसंही कोणीच बोलत नाही, त्याच्यावर ढकलून द्या.